खळ लावलेली खिडकी

विजेच्या वस्तूंबद्दल आमच्या गल्लीत ज्याला सर्वांत कमी कळायचं, तोच सर्वांत मोठ्याने बोलायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात वाचलं की चष्मा लागतो, फ्रिजमधलं पाणी पिणाऱ्याचे दात अकाली पडतात, पंखा कायम जोरात ठेवला की तो एक दिवस छत घेऊन खाली येतो, असली माहिती फुकट मिळायची आणि ती कुणी तपासून बघत नसे. रेडिओचे सेल उतरले की ते उन्हात वाळवायचे, हे तर आमच्या घरचं शास्त्रच होतं, आणि नागपुरात उन्हाला तोटा नव्हता. आई खाटेवर जुनं धोतर पसरून एका बाजूला कुरड्या घालायची, दुसऱ्या बाजूला सेल मांडायची आणि कावळ्यांपासून दोन्ही राखत बसायची. संध्याकाळी रेडिओ घटकाभर खरखरत बोलायचा आणि बाबा आमच्याकडे असे बघायचे, जणू ऊन त्यांनीच पाडलं आहे.

या सगळ्याचं मला आजही हसू येतं. हसू येत नाही ते फक्त आमच्या कूलरचं.

आम्ही विणकर. पुढच्या खोलीत बाबांचा माग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बाबा बसलेले आणि धोट्याची खटखट दिवसभर चाललेली. काठाला रेशीम घातलेली लुगडी ते विणायचे आणि त्यांच्या हातच्या काठाचं इतवारीच्या बाजारातले व्यापारी कौतुक करायचे. कौतुक ऐकून बाबांना काही वाटत नाही असं ते दाखवायचे, पण त्या दिवशी जेवताना एक भाकर जास्त जायची. माणूस तसा अबोल. प्रेम वगैरे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही आणि निघाला असता तर आईच घाबरली असती.

मागाच्या खोलीचा एक नियम होता. उन्हाळ्यात तिथे वारा येऊ द्यायचा नाही. उन्हाळ्याची कोरडी हवा लागली की सूत कडक होतं आणि पटापटा तुटतं, मग तुटलेलं जोडण्यातच दिवस जातो. म्हणून चैत्र लागला की बाबा त्या खोलीची खिडकी बंद करायचे, दाराला ओलं पोतं लावायचे, जमिनीवर पाणी शिंपडायचे आणि त्या ओलसर अंधारात तासन्‌तास विणायचे. आम्ही दार उघडं टाकलं की खड्ड्यातून आवाज यायचा, "दार लोट वं, सूत मरून राहिलं." आमच्या घरी सुताला माणसासारखंच बोललं जायचं. ते रुसायचं, थकायचं, मरायचं.

आईला दमा होता. ती उमरेडची, तीही विणकराच्याच घरातली. लहानपणापासून कापसाची कसपटं नाकातोंडात गेलेली. भिवापुरी मिरची कुटायला घेतली की तिला दम लागायचा, हिवाळ्यात लागायचा, पाहुणे जास्त आले की लागायचा. पण उन्हाळा तिला बरा जायचा. डोक्यावर ओला फडका टाकून ती मागच्या अंगणात कडुलिंबाखाली डाळ निवडत बसली, की तिचा श्वास मोकळा चाललेला दुरूनही कळायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा बाबांनी मधल्या खोलीचे कवेलू, म्हणजे कौलं, काढून वर स्लॅब टाकला. गल्लीत स्लॅबचं घर म्हणजे मान होता. पहिल्याच उन्हाळ्यात मान डोक्यावर तापला. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, स्लॅबखाली ती जाणार कुठे? आई त्याच खोलीत निजायची. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागल्यावर एके दुपारी तिला घेरी आली आणि ती उंबऱ्यातच बसली. डॉक्टर घरी आले. ते म्हणाले, बाईंना उन्हापासून जपा, गारव्यात ठेवा. बाबांनी ते ऐकलं आणि मान हलवली.

पुढच्या होळीनंतर सायकलरिक्षातून कूलर आला. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावलेला. आत पाणी चढवायला इवलासा पंप. लोखंडी स्टँडवर तो मधल्या खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीत बसवला गेला. तोंड आत, पाठ रस्त्याला. बाबांनी बटण दाबलं, ताट्यांवरून पाणी झिरपू लागलं आणि वाळ्याचा वास घरभर पसरला. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. आईने सगळ्यांना कैरीचं पन्हं दिलं आणि प्रत्येकीला सांगितलं, "माह्यासाठी आणला म्हणे." असं सांगताना तिने पदर दोनदा सावरला. मी तिला लाजताना बघितलं ते तेव्हाच.

आता कूलर कसा वापरायचा हे कुणाला विचारायची गरजच नव्हती, कारण सगळ्यांना ते माहीत होतं. ज्याच्याकडे कूलर आहे त्याने दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या, नाहीतर थंडी बाहेर जाते, हा तेव्हा अख्ख्या वस्तीचा कायदा होता. ज्यांच्याकडे कूलर नव्हता ते तर तो जास्तच ठासून सांगायचे. बाबांना हे सांगायचीही गरज नव्हती. खोली बंद करून ओल राखायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं होतं.

मधल्या खोलीला मागे, अंगणाकडे एक खिडकी होती. तिची झडप जुनी, बोटभर फटी पडलेली. एका सकाळी बाबांनी मागावरच्या चिंध्या घेतल्या, त्यांच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि घंगाळात खळ कालवली. सुताला बळ यावं म्हणून विणकर त्याला पिठाची जी पातळ पेज पाजतात, ती खळ. तिच्यात पट्ट्या बुडवून त्यांनी खिडकीच्या एकूण एक फटीवर चिकटवल्या, मागावरच्या ताण्याच्या सुताला हात लावावा तितक्या हळुवार हाताने, कुठे सुरकुती नाही, कुठे बुडबुडा नाही. दुपारपर्यंत पट्ट्या वाळून कडक झाल्या. मागाच्या खोलीकडच्या दाराला जाड गोधडी टांगली. उरलेल्या फटीत खाली चिंध्यांची गुंडाळी सरकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मोठ्या इमानाने करायची.

"सूत कसं, ओलीत राहिलं त तुटत नाही," बाबा मला म्हणाले. "मानूस बी तसाच. तुही माय आता तुटत नाही."

मला ते ऐकून भरून आलं होतं. अजूनही येतं, पण आता वेगळ्या कारणाने.

पहिला तासभर खोली खरंच गार व्हायची. मग ती गार राहायची नाही, नुसती ओली राहायची. ताकासाठी काढलेलं मीठ वाटीतच पाझरायचं. काडेपेटीच्या काड्या सादळायच्या. पापडाचा डबा त्या खोलीत ठेवला तर पापड रुमालासारखे घडी घालता यायचे. भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे बुरशी आली. अंग चिकचिकायचं आणि हवा कुणीतरी आधीच वापरून सोडल्यासारखी वाटायची. आम्ही याचा अर्थ असा लावला की कूलर कमी पडतो आहे. म्हणून बाबांनी फटी आणखी बुजवल्या आणि टाकीत बर्फाचा तुकडा टाकायला लागले.

आई उशाला हात टेकून बसून राहायची. आडवं झालं की छातीत घुरघुर व्हायची. ती मधेच उठायची, पाण्याचं निमित्त काढायची, जनावराला शिळी भाकर टाकायचं निमित्त काढायची आणि मागे कडुलिंबाखाली जाऊन बसायची. भर दुपारी, लूच्या गरम झळा चालू असताना. मी रागवायची. एवढा कूलर आणला आणि हिला उन्हात बसायची हौस. लाइन गेली की सगळी गल्ली वीजमंडळाच्या नावाने बोटं मोडायची, आमच्या घरी मात्र आईचा चेहरा खुलायचा. कारण लाइन गेली की बाबा गोधडी वर करायचे. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसणं आणि कळणं यांच्यात केवढं अंतर असतं, हे सांगायला मला आता कुणाची गरज नाही.

एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. बाबा धोटा खाली ठेवून पाणी प्यायला उठले आणि मधल्या खोलीत बघतात तर खाट रिकामी, कूलर चालू. ते मागे गेले. आई झाडाखाली बसली होती, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचलेला, डोक्यावर फडका. मी दारात उभी होते.

"इथं काहून बसली वं?" बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट पडलेला होता. "लोकं पाहून राहिले. म्हनतीन, घरी कूलर लावला अन् बायको उन्हात बसवली."

आईने सुपातली डाळ उगाच हलवली. "मले आत दम लागते जी," ती म्हणाली. "इकडली खिडकी थोडीशी उघडा न. बोटभर."

"खिडकी उघडली त सारी थंडी जाईन. मंग आणला कशाले?"

बाबांचा चेहरा एखाद्याने ताटातलं वाढलेलं परत केल्यावर होतो तसा झाला होता. मग ते आत गेले, पण धोट्याचा आवाज बराच वेळ आला नाही. आई त्या आवाजासाठी कान देऊन बसली, मग उठली, तिने सूप माझ्या हातात दिलं आणि खोलीत जायला निघाली. मी म्हटलं, आत बरं वाटत नाही तर कशाला जातेस?

"त्याह्यचं मन मोडते वं," ती म्हणाली. "बसते मी आत."

त्यानंतर ती बाहेर बसली नाही. तो उन्हाळा नाही आणि पुढचाही नाही. बाबांना वाटलं तिला अखेर गारवा मानवला. ते खूश झाले. पाहुण्यांना सांगायचे की आधी ऐकत नव्हती, आता खोलीतून हलत नाही. आई हसायची. दम लागला की ती भिंतीकडे तोंड करायची. आणि तिला दम लागलेला दिसला की बाबा धावत जाऊन काय करायचे, तर कूलरचं बटण वाढवायचे. पंपाचं पाणी वाढवायचे. खिडकीची एखादी पट्टी सुटली आहे का, ते तपासायचे. जीव वरखाली व्हायचा त्यांचा. मागावरचं काम अर्धं टाकून ते तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या कोंदट खोलीत बसायचे, घामाने स्वतः भिजलेले, आणि तिला पुन्हा पुन्हा विचारायचे की आता बरं वाटते का. ती म्हणायची, वाटते.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर आई सावरलीच नाही. पावसाळा तिने कसाबसा काढला, आणि पौषातल्या एका पहाटे गेली. कूलरने आई नेली असं मी म्हणत नाही. दमा जुना होता, छाती थकली होती, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण तिच्या वाट्याचे जे शेवटचे दोन उन्हाळे होते, वर्षातला जो एकच काळ तिला मोकळा श्वास द्यायचा, तो आम्ही चिंध्या आणि खळ लावून बंद केला. प्रेमाने केला. म्हणून तर तो कुणी उघडू शकलं नाही. एखाद्याने छळ म्हणून खोलीत कोंडलं असतं, तर आई दार तोडून बाहेर आली असती. तेवढी ती तिखट होती.

आई गेल्यावर बाबांनी कूलर वापरला नाही. त्यावर चादर टाकून ठेवली. माझं लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ती ऐन वैशाखात. घरात बाबा आणि मी, आणि पाळण्यात माझी मुलगी. घामोळ्यांनी तिचं अंग लाल झालेलं, रडून रडून आवाज बसलेला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वावटळ उठली. पत्रे उडाले, धुळीने घर भरलं आणि अंगणातल्या कडुलिंबाची फांदी मोडून मागच्या खिडकीवर आली. जुनी झडप तिच्या खळीच्या पट्ट्यांसकट निखळून खोलीत पडली. सुतार म्हणाला, लग्नसराई आहे, आठवडाभर तरी वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी रडायची थांबेना. मी बाबांना न विचारता कूलरवरची चादर काढली, टाकीत पाणी भरलं. वाळ्याच्या ताट्या जुन्याच होत्या, पण भिजल्या. बाबा पुढच्या खोलीतून म्हणाले की खिडकी सताड उघडी आहे, काय उपयोग, सगळी थंडी अंगणात जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या, वारा तर लागेल पोरीला.

आणि खोली गार झाली. ओली नाही, गार. एका खिडकीतून आलेली हवा पाळण्यावरून जाऊन दुसऱ्या खिडकीतून सरळ बाहेर पडत होती, आणि तिच्यामागे नवी येत होती. तास गेला, दोन तास गेले, तरी हवा ताजीच. मुलगी मुठी सोडून झोपली. मी तिच्या कपाळाला हात लावला तर ते कोरडं होतं.

बराच वेळ रडणं ऐकू आलं नाही म्हणून बाबा बघायला आले. गोधडी बाजूला करून दारात उभे राहिले. मग सावकाश चालत मागच्या खिडकीशी गेले आणि चौकटीत हात धरला, तळवा आतल्या बाजूला. त्या हाताला सुताचा बारीकसा फरक अंधारात कळायचा. त्याला हवा कळायला वेळ लागला नाही. ते कूलरच्या खिडकीशी गेले, तिथे हात धरला. परत मागे आले.

"इकून येते," ते म्हणाले, "अन् इकून जाते."

मी मान हलवली. झडप तिथेच भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्या कडेला चिकटलेल्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, पण एकही सुटलेली नव्हती. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. कारागिराला स्वतःचं काम पक्कं निघाल्याचं एवढं दुःख झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "आपल्याले कुठं मालूम होतं?"

"तिले मालूम होतं," ते म्हणाले. "तिनं सांगतलं होतं न. बोटभर म्हने."

ते मागच्या दाराने बाहेर गेले आणि मोडक्या कडुलिंबाखाली, आई बसायची त्या जागेवर जाऊन बसले. डोक्यावर काही घेतलं नव्हतं. लू चालू होती. मी हाक मारली नाही. त्यांना रडायला त्या घरात दुसरी जागा नव्हती.

आठवड्याने सुतार आला तेव्हा बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुन्हा ती झडप त्यांनी बसवलीच नाही. पावसाचे थेंब आत यायचे, मांजर यायची, थंडीत धुकं यायचं. शेजारी म्हणायचे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कूलर काय, पंखा काय, पुढे टीव्ही आला, कुणी त्याबद्दल काही ठासून सांगायला लागलं की बाबा तिथून उठून जायचे. मला मात्र ते एकच विचारायचे, सासरी घरात हवा खेळते का.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी सोबतीला होते. दिवस पौषाचे. नागपूरची थंडीही उन्हासारखीच हट्टी असते. संध्याकाळी त्या उघड्या चौकटीतून गार वारा थेट खाटेवर येत होता आणि बाबांना हुडहुडी भरली होती. मी पेटीतून जाड चादर काढली आणि खिडकीला टांगायला खुर्चीवर चढले. बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, खोलीच्या त्या कोपऱ्याकडे, जिथे आईची खाट असायची.

"राहू दे वं," ते म्हणाले. "तिले आत दम लागते."

मी खुर्चीवरून उतरले आणि ती चादर त्यांच्या अंगावर घातली.